नागोरावांच्या कपाळावरचा ठिपका

१

सकाळी पावणेआठला दुकानाचा फोन वाजला की पलीकडे दोनच प्रकारची माणसं असतात. एक, ज्यांना दारावर लिहिलेली दुकानाची वेळ वाचता येत नाही. दोन, ज्यांचं काहीतरी बिनसलेलं असतं. आनंद दुसऱ्या प्रकारातला निघाला.

‘तुम्ही दिलेला फोटो बघायला या,’ तो म्हणाला. ‘आत्ताच्या आत्ता. आणि बारा वाजता मी दीडशे लोकांना काय दाखवायचं, तेही वाटेत ठरवून या.’

‘काय झालंय फोटोला?’

‘बाबांचा चेहरा पुसलाय कोणीतरी. आणि कपाळावर पान थुंकलंय.’

मी चहाचा कप खाली ठेवला. चाळीस वर्षं बुधवार पेठेत फोटोंना फ्रेमा घालतोय. फ्रेम वाकडी आहे, काच हिरवी दिसते, आमचे आजोबा एवढे काळे नव्हते, असल्या तक्रारी ऐकून माझे कान किटलेत. पण मेलेल्या माणसाच्या फोटोवर थुंकल्याची तक्रार पहिलीच.

आधी माझी बाजू सांगतो. मी शरच्चंद्र. काच, पुठ्ठा आणि लाकडी पट्टी, एवढंच माझं जग. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीने, स्वरालीने, दुकानात म्हशीएवढा प्रिंटर आणून ठेवला आणि आम्ही कॅनव्हासवर फोटो छापायला लागलो. कॅनव्हास म्हणजे शेवटी कापडच. त्यावर फोटो छापायचा, लाकडी चौकटीवर ताणायचा, मागून पिना मारायच्या. पुढे काच नाही. बिनकाचेचा फोटो बघितला की मला अजून चष्मा विसरून बाहेर पडल्यासारखं होतं. पण गिऱ्हाइकांना आवडतं, आणि घरात माझं मत विचारायची पद्धत नाही.

आनंदचे वडील नागोराव गेल्या वर्षी वारले. हिंगोलीकडून पुण्यात आले आणि पंचवीस वर्षांपूर्वी धायरीत त्यांनी खानावळ काढली. विद्यार्थी, कारखान्यातली माणसं, कॉम्प्युटरवाली पोरं, सगळ्यांना पोटभर जेवू घातलं. आज खानावळीचा पंचविसावा वाढदिवस होता. जुने मेंबर लांबून जेवायला येणार होते आणि त्यांच्यासमोर नागोरावांचा मोठा फोटो लागणार होता. तो फोटो आम्ही छापला. काल संध्याकाळी स्वरालीने स्वतः नेऊन दिला. काळजी कशी घ्यायची, याची सूचना मी माझ्या हाताने लिहून त्यावर चिकटवली होती, शुद्ध मराठीत, सुवाच्य अक्षरात.

‘कोणाचा फोन?’ कुसुमताईने शब्दकोड्यातून मान वर न काढता विचारलं.

कुसुमताई माझी मोठी बहीण. बत्तीस वर्षं ग्रंथपाल होती. कोणत्या पानावर कोणाचा चिवडा सांडलाय हे ती डाग बघून सांगायची. मासिकांतली कोडी ब्लेडने कापून नेणारा एक अत्यंत प्रतिष्ठित सभासद तिने त्याच्या जिभेवरच्या शाईवरून पकडला होता. तो पेन्सिल चोखावी तसं पेन चोखायचा.

मी झालेला प्रकार सांगितला. तिने कोड्याची घडी घातली.

‘थुंकायच्या आधी पुसलं की थुंकल्यावर?’ तिने विचारलं.

‘मला काय माहीत?’

‘मग चप्पल घाल,’ ती म्हणाली.

२

स्वरालीला सोबत घेऊन आम्ही धायरी गाठली. खानावळीचा नकाशा सोपा आहे. पुढे जेवणाचा हॉल, मागे स्वयंपाकघर, दोन्हींच्या मध्ये एक अंधारा बोळ. त्या बोळात वर्षभर नागोरावांचा जुना, काचेचा फोटो लटकत होता. कॅनव्हास त्याच्यावरूनच करायचा म्हणून तो महिन्याभरापूर्वी आमच्याकडे आला आणि अजून दुकानातच होता. काल हॉलमध्ये सजावटवाले शिड्या नाचवत होते, म्हणून आनंदने नवा फोटो रात्रीपुरता बोळातल्या त्याच खिळ्याला लावला होता.

मी तो बघितला आणि मला खरंच वाईट वाटलं. चेहरा ओळखू येत होता, पण एखाद्याने पाण्याखालून बघावं तसा. फेट्याचा रंग गालावर आला होता, मिशा कानापर्यंत पसरल्या होत्या. आणि या सगळ्या गोंधळात कपाळाच्या मधोमध एक केशरी-तांबडा ठिपका मात्र ठाम उभा होता.

‘पाणी लागलंय, बाबा,’ स्वराली हळूच म्हणाली आणि तिने माझ्याकडे बघितलं. मी वरच्या बल्बकडे बघितलं. झिरोचा होता.

‘शाईचं आपण नंतर बोलू,’ आनंद म्हणाला. तिशीतला, पोटाने जरा सुटलेला, एरवी मवाळ माणूस, पण आज त्याचा आवाज चढला होता. ‘हे कोणी केलं ते मला कळलंय. हे बघा, कचऱ्याच्या डब्यात सापडलं.’

त्याने एक फडकं पुढे केलं. जाड, पांढरं, स्वयंपाकघरातलं. त्याच्यावर फेट्याचा लाल आणि सदऱ्याचा निळा उतरला होता.

‘शंभूकाकांचं आहे,’ तो म्हणाला. ‘कणकेवर टाकायचं फडकं. दुसरं कोणी त्याला हात लावत नाही. त्यांनी लावू दिला तर ना.’

शंभू म्हणजे नागोरावांचा धाकटा भाऊ. खानावळीचा आचारी. मागच्या खोलीत राहणारा एकटा माणूस. हे दोघे भाऊ नागोराव जाईपर्यंत अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते, आणि कारण ऐकून मला हसावं की काय करावं ते कळेना. आमटीतला गूळ. गावाकडची आमटी म्हणजे तिखटजाळ. पुण्यातले मेंबर वाढले तसा नागोरावांनी तिच्यात गूळ टाकायला सांगितलं. शंभू म्हणाला, आमटीत गूळ टाकणारा माझा भाऊ नाही. त्या दिवसापासून खानावळीत आमटीची गोड आणि तिखट अशी दोन पातेली लागली आणि भावांचं बोलणं थांबलं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यातही शंभू दाराबाहेर बाकावर बसून राहिला, आत गेला नाही.

‘काल संध्याकाळी मी फोटो लावत होतो,’ आनंद म्हणाला, ‘तर मागून म्हणाले, जिवंतपणी ऐकलं नाही कुणाचं, आता एवढा मोठा टांगायलेत. म्हटलं, असेल अजून राग. पण हे? मी सकाळी फडकं त्यांच्यासमोर धरलं. म्हटलं, काका, तुम्ही केलं का हे? एक शब्द बोलले नाहीत. नाही पण म्हणाले नाहीत.’

‘मग?’ कुसुमताईने विचारलं.

‘मग काय. मी सांगितलं, आजच्या दुपारच्या गाडीने गावाला जा. परत येऊ नका.’

स्वयंपाकघराच्या दाराशी एक निळी बॅग उभी होती. गच्च भरलेली, चेन लावलेली. आतून पोळ्या लाटल्याचा आवाज येत होता.

‘गावाला कोण आहे त्यांचं?’

आनंद फडक्याची घडी घालत राहिला. पलीकडे खुर्चीवर त्याची आई मुक्ताई बसली होती, डोक्यावरून पदर घेऊन. तीच म्हणाली, ‘कोनी नाही हो ताई. घर पडून सात वर्षं झाली. कुठं जातील भावजी.’

कुसुमताईने घड्याळ बघितलं. नऊ वाजायला दहा कमी होते.

‘आनंद,’ ती म्हणाली, ‘बारापर्यंत थांब. पुसणाऱ्याने हा फोटो बिघडवण्यासाठी पुसलेला नाही.’

३

‘मग कशासाठी पुसलाय, स्वच्छतेसाठी?’ मी विचारलं.

‘तू चाळीस वर्षं काचा पुसतोस. नीट बघ आणि सांग.’

मी नाक लावून बघितलं. खरं सांगतो, लाज वाटली. दुकानदार मी, आणि माझ्या आधी तिला दिसलं. रंग वेडावाकडा फासलेला नव्हता. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून आडवे पट्टे निघाले होते, एकाखाली एक, थेट तळापर्यंत. चारही कोपऱ्यांत बोटाला फडकं गुंडाळून फिरवल्याच्या गोल खुणा होत्या. ज्याला राग आलाय तो तोंडावर हात फिरवतो. कोपरे कोण काढत बसतो?

‘आणि हे पांढरं?’ ताईने कॅनव्हासच्या विणीत अडकलेले कण दाखवले.

‘कणीक,’ स्वराली म्हणाली. ‘वाळलेली. म्हणजे फडकं काकांचंच आत्या, त्यात बदल नाही.’

‘मी कुठे बदल करतेय? आता बाकीच्यांना बोलव.’

रात्री दाराला आतून कडी होती. आत आनंद, त्याची बायको श्रद्धा, मुक्ताई आणि शंभू. पहाटे साडेपाचला समोरचा जयसिंग दोन मोठी पातेली द्यायला आला होता. साडेसहाला श्रद्धाने बोळातला मोठा दिवा लावला आणि फोटो बघितला. म्हणजे माणसं पाचच.

श्रद्धा आधी आली. ती खानावळीचे ऑनलाइन डबे सांभाळते, बोलता बोलता दोनदा मोबाइल बघून झाला.

‘मला हा फोटो आवडला नव्हता, ते खरं आहे,’ तिने सरळ सांगितलं. ‘मला ब्लॅक अँड व्हाइट हवा होता. एकदम क्लासी. पण ह्यांना फेटा लालच पाहिजे. म्हणून काय मी सासऱ्यांचं तोंड पुसेन? आणि एवढे तीन फुटी कोपरेबिपरे पुसायला मला वेळ आहे असं वाटतं तुम्हाला?’

‘वाटत नाही,’ कुसुमताई म्हणाली. श्रद्धाला हे कौतुक की टोमणा ते कळलं नाही, आणि मला माहीत असूनही मी सांगितलं नाही.

जयसिंग पान चघळतच आला. एके काळी नागोरावांकडे जेवायचा, मग त्यांच्या हाताखाली वाढायला लागला, मग रस्त्यापलीकडे स्वतःची खानावळ काढली, तोच मेनू घेऊन. आनंदचा दुसरा संशय त्याच्यावर होता आणि त्याला तो ठाऊक होता.

‘हां, पान खातो,’ तो म्हणाला. ‘सगळी धायरी खाते. पातेली ठेवली, निघालो. बोळात अंधार होता. फोटो दिसलाही नाही.’

‘जरा या बेसिनपाशी थुंका,’ कुसुमताई म्हणाली.

‘काय?’

‘थुंका हो. बघायचंय.’

जयसिंगने आयुष्यात एवढ्या आदराने कोणाला थुंकायची विनंती करताना ऐकलं नसावं. तो गेला आणि थुंकला. ताईने वाकून रंग बघितला, मग फोटोवरचा ठिपका बघितला. पानाचा रंग काळपट लाल, ओघळणारा. ठिपका केशरी, कोरडा, आणि कडेला गोल.

‘जा तुम्ही,’ ती म्हणाली. ‘हे पान नाही. आणि हा ठिपका पुसून झाल्यावर लागलाय, आधी असता तर पसरला असता. शरद, कोणी तरी हा फोटो आधी कोपऱ्याकोपऱ्यातून पुसला आणि मग त्याच्या कपाळाला नीट मधोमध बोट टेकवलं. ह्याला आपल्या घरात काय म्हणतात?’

आईच्या फोटोला मी रोज तेच करतो.

४

‘गंध,’ आनंद म्हणाला. ‘म्हणजे पूजा? पण काल रात्री लावलेल्या फोटोची पूजा कशाला?’

‘कालच्या फोटोची कशाला असेल? त्या खिळ्यावरच्या माणसाची.’ ताई त्याच्याकडे वळली. ‘इथे जुना फोटो होता, त्याला रोज गंध कोण लावायचं?’

‘आई,’ आनंद लगेच म्हणाला.

मुक्ताईने मान हलवली. ‘मी नाही रे. मला त्यांच्याकडं बघवतच नाही. मी त्या बोळातून मान खाली घालून जाते. मला वाटलं, सूनबाई लावते. रोज ताजं दिसायचं, मी मनात म्हणायची, पोरगी वरून तशी आहे पण आतून चांगली आहे.’

श्रद्धाचा चेहरा बघण्यासारखा झाला. ‘आई, मी नाही लावत. मला वाटायचं हे लावतात. उठल्या उठल्या.’

‘मी उठतो साडेसातला,’ आनंद म्हणाला.

‘ते मला माहीत आहे. पण माणूस सुधारतो असं वाटलं.’

तिघंही एकमेकांकडे बघत उभी राहिली. एक वर्षभर घरातल्या प्रत्येकाने आपल्या माणसाला मनातल्या मनात शाबासकी दिली होती आणि त्यातल्या एकानेही हात हलवला नव्हता.

‘कदाचित कोणीच लावत नसेल,’ आनंद म्हणाला. ‘वर्षश्राद्धाला गुरुजींनी लावलं होतं तेवढंच.’

आता माझी पाळी होती, आणि मला बोलायची इच्छा नव्हती, कारण ताईचा प्रश्न कुठे चाललाय ते मला दिसायला लागलं होतं.

‘जुनी फ्रेम मी उघडली,’ मी म्हणालो. ‘काच इतकी लख्ख होती की मला आश्चर्य वाटलं. स्वयंपाकघराशेजारची फ्रेम म्हणजे तेलाचा थर असायला हवा. पण खालच्या पट्टीच्या खाचेत गंधाची पापडी जमली होती. सुकलेलं गंध रोज पुसताना खाली ओघळून. ती खरवडायला मला अर्धा तास लागला. गुरुजींच्या एका बोटाने एवढी पापडी होत नाही. ते रोजचं काम आहे.’

‘मग लावतं कोण?’ श्रद्धाने विचारलं.

आतला पोळ्या लाटल्याचा आवाज थांबला होता. आम्ही बोळात होतो, दार उघडं होतं. क्षणभराने आवाज परत सुरू झाला, पहिल्यापेक्षा जोरात.

‘मी जरा पाणी पिऊन येते,’ कुसुमताई म्हणाली आणि आत गेली. मीही तहान लागल्याचं सोंग करून मागे गेलो.

५

शंभू साठीचा, उंच, वाळका माणूस. चष्म्यावर वाफ. समोर पोळ्यांचा ढीग माझ्या छातीएवढा.

‘जायचंय ना तुम्हाला दुपारी?’ ताईने विचारलं. ‘मग लाटताय कशाला?’

‘दीडशे मानसं उपाशी ठेवून जाऊ?’ तो म्हणाला. ‘जेवली की जातो.’

‘पहाटे किती वाजता उठता?’

‘चारला. कनीक मळायला.’

ताईने कणकेच्या परातीवरच्या फळीकडे बघितलं. मिठाची बरणी, काडेपेटी, देवाचं एक छोटं चित्र आणि अष्टगंधाची डबी. तिने डबी उचलून उघडली. तळ दिसत होता. मग तिने शंभूच्या कपाळाकडे बघितलं. कोरडं, नुसता घाम. देवाच्या चित्रालाही गंधाचा ठिपका नव्हता.

‘डबी संपत आली की,’ ती म्हणाली. ‘स्वतःला लावत नाही, देवाला लावत नाही. जाते कुठे?’

लाटणं थांबलं.

‘तुम्ही त्या फोटोवाल्या ना,’ शंभू म्हणाला. ‘फोटोचं काय असंल ते मी भरून देतो. पन हे बाहेर बोलू नका.’

‘का?’

त्याने नवी पोळी लाटायला घेतली. मग पोळीकडे बघतच म्हणाला, ‘अकरा वर्षं त्याच्याशी बोललो नाही. गावभर ताठ्यानं सांगत फिरलो, बोलनार नाही म्हनून. दवाखान्यात पन पाय उचलला नाही. आता रोज पहाटे त्याचा फोटो पुसतो, गंध लावतो, आन विचारतो, दादा, आज किती पोळ्या करू? लोक म्हनतील, जिवंत होता तवा कुठं गेला होतास. खरंच म्हनतील. त्यापेक्षा वाईट म्हनू द्या. वाईट म्हनलेलं सवयीचं हाय.’

‘आज पहाटे काय झालं?’

‘महिनाभर खिळा रिकामाच होता. आज फोटो होता, रोजच्यासारखं पुसलं. फोटो मोठा झाला हे दिसत होतं, म्हनून कोपरेबी नीट काढले. त्या दिव्यात काय दिसतंय. काच नाही हे मला काय माहीत? फोटोला काच असती. गंध लावलं, आत आलो, फडक्यावर रंग. बाहेर जाऊन बघायची हिंमत झाली नाही.’

मी भिंतीकडे तोंड करून पाणी प्यायलो. पेला रिकामा होता. फोटोला काच असते, हे वाक्य मी गेली तीन वर्षं स्वरालीला ऐकवत होतो.

‘शरद, घड्याळात किती वाजले?’ ताईने विचारलं.

‘साडेअकरा.’

‘चल. सगळ्यांना बोळात बोलव. आणि शंभूभाऊ, तुम्ही पण या. तुमचं काही सांगायचं की नाही ते मी बघते, पण निम्मंच खरं ठेवून तुम्हाला गाडीत बसवणार नाही.’

६

बोळात, परत आलेल्या जयसिंगसकट, आम्ही आठ माणसं कशीबशी मावलो. हॉलमधून खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. पहिले मेंबर आलेसुद्धा होते.

‘फोटो शंभूभाऊंनी पुसला,’ कुसुमताई म्हणाली.

‘मी काय सांगत होतो,’ आनंद म्हणाला.

‘पूर्ण ऐक. पुसला त्यांनी, पण गुन्हा त्यांचा नाही. गुन्हेगार दुसराच आहे, आणि तो आत्ता इथे उभा आहे.’

श्रद्धाने जयसिंगकडे बघितलं. जयसिंगने श्रद्धाकडे बघितलं. स्वरालीने डोळे मिटून घेतले.

‘माझा भाऊ,’ ताई म्हणाली.

सख्खी बहीण. धाकटा असून तिला मीच सायकल शिकवली.

‘कॅनव्हासवर छापलं की वरून पारदर्शक कोट द्यावा लागतो. तो वाळायला पूर्ण दिवस जातो. तो बसला की ओलं फडकं फिरवा, काही होत नाही. बरोबर, स्वराली?’

‘बरोबर,’ स्वराली म्हणाली. ‘मी म्हटलं होतं, काल कोट देऊ, वाळला की आज समारंभाला थेट हॉलवर आणू. बाबा म्हणाले, वेळेवर द्यायचा म्हणजे वेळेवर. फोटोवर कोण हात फिरवणार आहे?’

‘पण मी सूचना लिहिली होती,’ मी म्हणालो. ‘स्पष्ट लिहिलं होतं. “कृपया ओल्या कापडाने पुसू नये. कोट देणे बाकी आहे.” ठळक अक्षरात.’

‘कुठे चिकटवलीस?’

मी फोटोच्या मागे बोट दाखवलं. आनंदने फोटो खिळ्यावरून काढला आणि उलटा केला. मागच्या चौकटीवर, बरोबर मधोमध, माझी सूचना होती. चाळीस वर्षं मी दुकानाचं लेबल आणि सूचना फ्रेमच्या मागेच लावत आलोय. पुढे लावली तर फोटो झाकतो. सुवाच्य, शुद्ध, आणि भिंतीला वाचायला दिलेली.

जयसिंग हसला. मग श्रद्धा हसली. मलाही आलं हसू, पण मी ते दाबलं, कारण आनंद हसत नव्हता.

‘पण पुसलाच कशाला?’ त्याने शंभूला विचारलं. ‘काका, तुम्ही सकाळी मला एका शब्दाने सांगितलं नाही. का पुसत होता तुम्ही बाबांचा फोटो?’

शंभू जमिनीकडे बघत राहिला. कुसुमताई माझी सूचना दुसऱ्यांदा वाचायला लागली. मला वाटलं आता हा माणूस बॅग उचलतो आणि चालू पडतो, आणि आम्ही सगळे सत्य खिशात घालून बघत बसतो.

‘गंध भावजी लावायचे,’ मुक्ताई म्हणाली. ती कोणाला विचारत नव्हती. तिला आत्ता कळलं होतं आणि ती ते मोठ्याने म्हणत होती. ‘वर्षभर. रोज.’

‘वैनी, जाऊ द्या,’ शंभू म्हणाला.

‘कशाला जाऊ द्या? मग मी पन सांगते.’ तिने पदराने डोळे पुसले. ‘तुमचे भाऊ गोड आमटी कधी जेवले नाहीत, भावजी. एक दिवस नाही. मेंबर गेले, तुम्ही खोलीत गेलात, की तुमच्या पातेल्यातली वाटीभर घेऊन बसायचे. मला म्हनायचे, त्याला सांगशील तर बघ.’

शंभूने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागला. पुसून झाला तरी पुसतच राहिला.

‘मला माहीत होतं,’ तो म्हणाला. ‘मी रोज एक वाटी जास्त ठेवायचो.’

मला आमटीत गूळ आवडतो, पण ती गोष्ट सांगायची ही वेळ नव्हती.

हॉलमधून कोणीतरी आनंदला हाक मारली. बारा वाजले होते. मी घसा साफ करून म्हणालो, ‘नवा फोटो चार दिवसांत देतो. फुकट. कोट देऊन. आजच्यासाठी मोबाइलवरचा एखादा...’

‘हाच लावा,’ मुक्ताई म्हणाली.

‘अहो, मिशा कानापर्यंत गेल्यात.’

‘असू द्या. बघायला येनाऱ्यांनी त्यांना डोळे भरून बघितलंय. त्यांना दाखवायला फोटो लागत नाही.’ ती श्रद्धाकडे वळली. ‘हार आन.’

श्रद्धा मोबाइल खिशात घालून गेली. फोटो हॉलमध्ये कसा लागला, जुन्या मेंबरांनी काय भाषणं केली, एका माणसाने फोटोबद्दल ‘आजकालची मॉडर्न आर्ट’ असे कौतुकाचे शब्द कसे काढले आणि स्वरालीने त्याला दुकानाचं कार्ड कसं दिलं, हे सगळं सांगत नाही. मी ते नीट बघितलंही नाही. पंगत उठत असताना मी हात धुवायला मागे गेलो होतो.

शंभू चुलीपाशी पातेली घासायला काढत होता. एक डोळा घड्याळावर. निळी बॅग दाराशी तशीच होती. एवढं होऊनही कोणी त्याला तोंडाने सांगितलं नव्हतं की राहा. सगळे धरून चालले असणार की दुसऱ्याने सांगितलं असेल. या घराला ती खोडच होती.

आनंद आत आला. मला वाटलं, माफी मागतोय. त्याने बॅग उचलली आणि शंभूच्या खोलीत नेली. दार उघडंच होतं. त्याने चेन ओढली, एकेक सदरा, धोतर, पंचा बाहेर काढला आणि फळीवर रचायला लागला. घाईघाईत, कसंही, कॉलर आत आणि बाही बाहेर. नाक वर ओढत होता.

शंभू हात पुसत दारात जाऊन उभा राहिला.

‘नीट ठेव,’ तो शेवटी म्हणाला. ‘इस्त्री केलेले हायत. रात्रीच्या पोळ्या किती?’

‘ऐंशी,’ आनंद म्हणाला, आणि सदऱ्यातच तोंड खुपसून रडायला लागला.